बिस्किटाच्या डब्यातली दाढी

विश्वासराव टेंबे सव्वीस वर्षं सिंगापुरात एकच भाषण करत आले होते. ते असं : "हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री. मागे ऐकू येतंय का?"

हे भाषण ते कार्यक्रमाच्या दोन तास आधी करत. समोर रिकाम्या खुर्च्या असत आणि मागे कुणीच नसे, त्यामुळे ऐकू येतंय की नाही हे सांगणार कोण? मग विश्वासराव स्वतःच "येतंय" म्हणत आणि माइक खाली ठेवत. तोच माइक पुढे तीन-चार तास इतरांच्या हातात फिरे.

त्याचं झालं असं. १९९९ साली चिंचवडहून ते एका बँकेचे सर्व्हर सांभाळायला एम्प्लॉयमेंट पासवर इथे आले. आल्या आल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले, तर अध्यक्षांचा माइक असा किंचाळत होता की पाळण्यातली पोरं रडायला लागली होती. विश्वासरावांनी उठून स्पीकर दोन फूट बाजूला सरकवला. किंचाळणं थांबलं. तेवढंच. पण त्या दोन फुटांनी त्यांचं पुढचं सगळं सामाजिक आयुष्य ठरवून टाकलं. अध्यक्ष बदलले, पास जाऊन पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, आली, भाड्याची खोली जाऊन सेंगकांगला चौदाव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला, मुलगी अश्लेषा इथेच जन्मून इथल्या बोलीत 'लाह' करत मोठी झाली. विश्वासराव वायरी गुंडाळत राहिले. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात खाली, अल्पोपाहाराच्याही खाली, छापून येई : ध्वनिव्यवस्था, विश्वास टेंबे.

गंमत म्हणजे या माणसाला बोलायची विलक्षण हौस होती, आणि इतिहासाचं तर वेडच. पाहुणा वक्ता सनावळी चुकला की आवाजाच्या मिक्सरमागे बसल्या बसल्या ते दुरुस्त करत, पण मनातल्या मनात. बायको, मेधाताई, म्हणत, "अहो, एकदा मागा ना वेळ!" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "मागून घेतलेल्या माइकला काय अर्थ?" मेधाताई नेहमी शेवटच्या रांगेत बसत. तिथून एमआरटीची गाडी लवकर गाठता येते, असं त्या सांगत. खरं म्हणजे तिथून मिक्सर दिसे.

गेल्या वर्षी विश्वासराव निवृत्त झाले आणि महिन्याभरात रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज दहा हजार पावलं चालायला सांगितलं. सेंगकांगमध्ये चालून चालून ब्लॉकचे नंबर पाठ झाले, तेव्हा ते बस पकडून बुकिट ब्राउनला जाऊ लागले. बुकिट ब्राउन म्हणजे जुनं चिनी कबरस्तान. पन्नास वर्षांपूर्वी ते बंद झालं आणि रानाने त्याचा ताबा घेतला. टेकड्या भरून कबरी, कबरींवर वेली, वेलींवर माकडं. जिवंतपणी ज्यांच्या दारात शीख राखणदार असत, अशा काही श्रीमंत चिनी व्यापाऱ्यांनी मेल्यावरही कबरीच्या दोन बाजूंना दोन दगडी शीख उभे करून घेतले आहेत. पगडी, दाढी, बंदूक, बूट, सगळं दगडात.

असल्याच एका जोडीपाशी, वाट चुकून, मार्च महिन्यात विश्वासराव येऊन थबकले. डावीकडचा शीख अर्धा वेलींत बुडालेला, पण छातीपर्यंत दाढी असलेला, रीतसर शीख होता. उजवीकडचा वेगळा होता. त्याच्या पागोट्यातून एक पट्टा सुटून खांद्यावर आला होता. खाली भरघोस मिशी. आणि दाढी नाही!

"शेमला!" विश्वासराव मोठ्याने ओरडले. वरचं माकड दचकून दुसऱ्या झाडावर गेलं.

आता चिंचवडच्या माणसाला खांद्यावर सुटलेला शेमला दिसला, मिशी दिसली आणि मोकळी हनुवटी दिसली, तर त्याने दुसरं काय समजावं? हनुवटी जरा खडबडीत होती, हे खरं. पण हर्षवायू झालेला माणूस हनुवट्या चाचपत बसत नाही. त्यांनी सतरा फोटो काढले आणि तिथेच, कबरीच्या पायरीवर बसून, मंडळाच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "सिंगापुरात दगडात कोरलेला मराठा शिपाई सापडला आहे. अधिक संशोधन चालू."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! अर्ध्या तासात ग्रुपवर तीनशे निरोप आले. कुणी शिपायाला कोल्हापूरचा ठरवला, कुणी तंजावरचा. एका चार्टर्ड अकाउंटंटने तर पानिपतावरून निसटून, ब्रह्मदेशमार्गे, पायी सिंगापूरला येण्याचा नकाशाच काढून दाखवला. पानिपत आणि बुकिट ब्राउन यांच्यात दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. एवढ्या आनंदात कोण सांगतो?

घरी फक्त अश्लेषाने मोडता घातला. फोटो बघून ती म्हणाली, "बाबा, यू शुअर ऑर नॉट? वन साइड शीख, वन साइड मराठा, हाऊ कॅन? पेअर असते लाह."

"तुमच्या शाळेत शिकवतात तेवढाच इतिहास नसतो," विश्वासराव म्हणाले आणि शर्टाला इस्त्री करायला निघून गेले. शर्ट कशाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र यांचा फोन आला. हे एका बँकेत जोखीम-व्यवस्थापनाचे प्रमुख, आणि मंडळात चहात आलं किती घालायचं याचीही जोखीम न घेणारे. ते म्हणाले, "टेंबेसाहेब, पाडव्याच्या कार्यक्रमात वीस मिनिटं तुमची. स्टेजवर."

विश्वासराव सोफ्यावर बसले. मेधाताईंनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं. वीस मिनिटं! न मागता! त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी ग्लासातलं पाणी कुंडीतल्या तुळशीला घातलं. तुळशीला तासापूर्वीच घालून झालं होतं.

इथे सण पंचांगाने येत नाहीत, हॉल मिळेल तसे येतात. म्हणून पाडव्याचा कार्यक्रम एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, सेरंगूनच्या एका हॉलमध्ये ठरला. पोस्टर झालं : 'अटकेपार नव्हे, समुद्रापार! सिंगापूरचा मावळा.' भाषण संपलं की ढोल-ताशा पथक अकरा मिनिटं वाजवणार होतं. बाजारात तुरी, तशातली गत. फक्त शैलेंद्रना एक फोटो हवा होता, मावळ्याला भगवा फेटा बांधलेला.

तेव्हा आदल्या रविवारी सकाळी विश्वासराव एक फेटा, एक नारळ आणि एक प्लास्टिकचं स्टूल घेऊन बुकिट ब्राउनला निघाले. सोबत मेधाताई, चहाचा थर्मास घेऊन. चिनी लोकांचे पूर्वजांच्या कबरी साफ करायचे दिवस होते. एरवी सुनसान असणाऱ्या टेकड्यांवर घरंच्या घरं आली होती. कुणी गवत कापत होतं, कुणी कागदाचे बंगले जाळत होतं, आणि वर्षभर बुजलेल्या वाटा उघडल्या होत्या.

विश्वासराव स्टुलावर चढले. दगडी पागोट्यावर कापडी फेटा बांधायचा म्हणजे मुळात डोकंच दुप्पट. व्हिडिओत पाहून शिकलेले वेढे एकेक करत त्यांनी चढवले. एक टोक दातांत धरलेलं. शेजारच्या कबरीवरचे चिनी आजोबा कोयता थांबवून कौतुकाने बघत होते. "वाह! युअर ग्रँडफादर, आह?" त्यांनी विचारलं.

"सॉर्ट ऑफ," विश्वासराव दातांतल्या फेट्याआडून म्हणाले. आजोबांनी खुशीने दोन संत्री दिली.

तेवढ्यात टेकडीखालून शिटी वाजली. साधीसुधी नाही. पी.टी.च्या तासाला सगळी शाळा जागच्या जागी थिजेल अशी. झाडीतून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई ट्रॅकसूट घालून तरातरा वर येत होत्या. पाठीवर सॅक, गळ्यात शिटी.

"ओय! ओय अंकल! स्टँड स्टिल!"

विश्वासराव स्टुलावर थिजले. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, धापा टाकत. आधी फेट्याकडे पाहिलं, मग त्याखालच्या मिशीकडे, मग हनुवटीकडे. त्यांचा चेहरा एकदम वितळला.

"ये क्या पहना रहे हो मेरे दादाजी को?"

"आपके दादाजी?" विश्वासरावांच्या तोंडातून फेट्याचं टोक सुटलं. "बहनजी, ये तो मराठा है. दाढ़ी कहाँ है?"

"दाढ़ी?" बाई म्हणाल्या. "दाढ़ी मेरे पास है."

त्यांनी सॅक उघडली आणि बिस्किटाचा एक गंजका पत्र्याचा डबा काढला. डब्यात टॉवेल होता. टॉवेलात एक दाढी होती. दगडाची, वीतभर, लाटा-लाटांची कोरलेली.

मेधाताईंच्या हातातलं थर्मासचं झाकण पडलं आणि उतारावरून गडगडत गेलं. बाईंनी दोन्ही हातांनी दाढी उचलली, शिपायाच्या हनुवटीला लावली, जरा डावीकडे फिरवली. टक्. बसली. केसाएवढीसुद्धा फट राहिली नाही. खडबडीत हनुवटीचं कोडं सुटलं, आणि त्याबरोबर विश्वासरावांचा मावळाही.

ते स्टुलावरून उतरले. "पण शेमला?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "डाव्या पुतळ्याला कुठेय शेमला?"

मेधाताई डावीकडच्या पुतळ्यापाशी गेल्या आणि त्याच्या खांद्यावरच्या वेली ओढून काढल्या. खाली तसाच्या तसा शेमला होता. महिनाभर जो पुरावा शोधत ते जुन्या गॅझेटियरांची स्कॅन चाळत होते, तो सहा फुटांवर उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

बाईंचं नाव हरवंत कौर. राहणार हौगांग. बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, वय चौऱ्याहत्तर. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या पायरीवर बसून हसायलाच लागल्या, इतक्या की डोळे पुसावे लागले. चहा निघाला, संत्री सोलली गेली, आणि त्यांनी दादाजींची, म्हणजे केहर सिंगांची, कथा सांगितली. निम्मी हिंदीत, निम्मी इंग्रजीत, अधूनमधून पंजाबीत.

केहर सिंग तरनतारनजवळच्या एका गावचे. एकोणिसाव्या वर्षी पलटणीत भरती होऊन मलायात आले. सहा वर्षं शिपाईगिरी केली. लढाई म्हणाल तर एकही वाट्याला आली नाही, शत्रू काय तो डास. पलटण सोडून ते शांघायच्या पोलिसांत जायला बोटीत बसले. बोट सिंगापूरला थांबली. केहर सिंग केळी घ्यायला उतरले. भाव करता करता बोट सुटली.

"बस. केले की वजह से हम सिंगापोरियन," हरवंत कौर म्हणाल्या.

हातात केळ्यांचा घड, अंगावरचे कपडे आणि भाषा एकही धड नाही, असा तो माणूस नदीकाठी तांदळाच्या एका चिनी व्यापाऱ्याच्या गोदामाचा राखणदार झाला. दाराला आडवी खाट टाकून झोपायचं. हत्यार म्हणजे एक काठी आणि एक शिटी. त्यांचा जन्माचा वैरी होता आ हुआत नावाचा चोर. दर चिनी नववर्षाच्या आधी हा कौलं काढून आत उतरायचा आणि दर वेळी केहर सिंग त्याला पकडायचे. अकरा वेळा पकडला. पहिल्यांदा बदडला. पुढे पुढे आधी डाळ-रोटी खाऊ घालायची, मग पोलीस बोलवायचे, आणि शेवटी शेवटी नुसतीच डाळ-रोटी. मग जपानी लोक आले. गोदाम रिकामं झालं, घरात पोरं उपाशी. तेव्हा एका सकाळी दारात कंदांची गोणी उभी होती, आणि गोणीमागे आ हुआत. कुठून आणली हे केहर सिंगांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पहारा सोडून ते आत चूल पेटवायला गेले.

"और मूर्ति?" मेधाताईंनी विचारलं.

मूर्ती जपानी लोक यायच्या आधीची. म्हाताऱ्या व्यापाऱ्याला भीती, की वर गेल्यावरही चोर येतील. त्याने दगडी राखणदार सांगितले. केहर सिंग कारागिरापुढे तीन दिवस उभे राहिले, आणि मालकाला दोनच अटी घातल्या. पगडीचा शेमला पलटणीत असायचा तसाच हवा आणि दाढी पुरी हवी, एक केस कमी नको. बंदूक मालकाने पदरची घातली. दोन्ही पुतळे त्यांचेच, माणूस एकच होता ना! "आदमी एक, पहरा डबल. और पत्थर में प्रमोशन भी मिल गया. लाठी की राइफल हो गई!"

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपूर्वी वादळात एक फांदी पडली आणि उजव्या पुतळ्याची दाढी तुटली. हरवंत कौरच्या वडिलांनी ती उचलून घरी आणली. "हम मूर्ति को नहीं पूजते जी," त्या दाढी परत टॉवेलात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "पर दाढ़ी... उम्रभर कैंची नहीं लगी. ज़मीन पर कैसे छोड़ते?" चिकटवू चिकटवू म्हणत वडील गेले. व्यापाऱ्याचे वंशज परदेशी गेले, कबर रानात बुडाली. वडील न्यायचे तेव्हा हरवंतचं लक्ष व्हॉलीबॉलमध्ये, वाट कोण लक्षात ठेवतो? आता गेली नऊ वर्षं, याच दिवसांत, वाटा उघडल्या की त्या डबा घेऊन शोधत फिरत होत्या. एकेका दगडी शिखाच्या हनुवटीला दाढी लावून बघायची आणि परत डब्यात ठेवायची.

"आज मिला कैसे?" विश्वासरावांनी विचारलं.

त्यांनी वर बोट केलं. हिरव्यागार रानात तो भगवा फेटा समोरच्या टेकडीवरूनही दिसत होता. "मैंने सोचा, ये कौन पागल है!"

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी विश्वासरावांचे दोन्ही हात धरले. नांदेडला, हजूर साहिबला, त्या चार वेळा जाऊन आल्या होत्या. ग्रंथसाहिबातली नामदेवांची वाणी त्यांना पाठ होती. विश्वासराव नांदेडला एकदाही गेले नव्हते, आणि पाठांतराचं तर बोलायलाच नको. ते घाईघाईने संत्र्याच्या बिया वेचू लागले.

घरी आल्यावर त्यांनी शैलेंद्रना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"टेंबेसाहेब, पोस्टर गेलंय. चारशे लोक येतायत. ढोलवाल्यांनी शेला रंगवून घेतलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. दाढीचं मागाहून सावकाश बघू."

"पण तो मराठा नाही हो!"

"मग तसं सांगा," शैलेंद्र म्हणाले. "म्हणजे ती वीस मिनिटं मी नीताताईंच्या नाट्यगीताला देतो. त्या कधीच्या मागतायत. मावळा असेल तर माइक तुमचा."

आता आली का पंचाईत! सव्वीस वर्षांनी ताट वाढलेलं, आणि त्यात पहिलाच घास खोटा. पुढचे पाच दिवस विश्वासरावांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांना माइक हवा होता. अगदी लहान मुलाला हवा असतो तसा हवा होता, हे कबूल करायला हरकत नाही. लिफ्टमध्ये, एलआरटीच्या गाडीत, भाजी घेताना त्यांचे ओठ हलत. "बंधूंनो आणि भगिनींनो, हा मावळा..." इथवर आलं की डोळ्यांसमोर गंजका डबा येई आणि पुढचं वाक्य राहून जाई. मेधाताईंना विचारलं, तर त्या फरसबी निवडता निवडता म्हणाल्या, "वीस मिनिटं तुमची आहेत. मी कशाला बोलू?"

शुक्रवारी शैलेंद्रचा निरोप आला, "मावळा फायनल ना?" विश्वासरावांनी उत्तर लिहिलं, "बरं." बरं म्हणजे काय, ते शैलेंद्रने विचारलं नाही. मग विश्वासरावांनी हौगांगला फोन लावला. "बहनजी, कल शाम को डिब्बा लेकर आइए."

शनिवारी दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे वायरी लावल्या, रिकाम्या खुर्च्यांना विचारलं, "मागे ऐकू येतंय का?" आणि स्वतःच "येतंय" म्हटलं. त्यांच्या भाषणापुरता मिक्सर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून खुद्द शैलेंद्र बसले. संध्याकाळी हॉल गच्च भरला. नऊवाऱ्या, फेटे, अत्तर, पुरणपोळीचा वास. पहिल्या रांगेत हरवंत कौर, फिकट निळ्या सलवार-कमीजमध्ये, गळ्यात तीच शिटी, मांडीवर डबा. बाजूला अश्लेषा. शेवटच्या रांगेत मेधाताई.

नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. इस्त्री केलेल्या त्या शर्टात विश्वासराव माइकसमोर उभे राहिले, आणि पडद्यावर फेटा बांधलेल्या शिपायाचा फोटो झळकला. ढोलवाले विंगेत टिपऱ्या सरसावून तयार. "जय!" कुणीतरी ओरडलं, आणि हॉलभर तोच गजर सुरू झाला.

"मित्रहो," विश्वासराव म्हणाले. आवाज चिरका आला. "हा मावळा नाही. मी चु..."

आणि माइक गेला.

चुकून गेला की घालवला, ते शैलेंद्रला आणि त्या बटणाला ठाऊक. मधल्या रांगांना वाटलं, काहीतरी जोरदार म्हणाले, म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या. मागे गलका सुरू झाला. ढोलवाल्यांना वाटलं, झालं भाषण. शैलेंद्र मिक्सरमागून दोन्ही हात हलवून खुणावत होते : उतरा, उतरा, वाजू दे.

विश्वासरावांना कळलं की त्या गजरात कुणीही नीट ऐकलेलं नाही. आत्ता नुसता नमस्कार केला आणि उतरलं, तर मावळा मावळाच राहील, टाळ्याही पदरात पडतील, आणि खोटं एक अक्षर बोलल्याचा ठपका येणार नाही. केवढी सोयीची आयुधं देव हातात देतो! त्यांचा एक पाय पायरीकडे वळलासुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. हरवंत कौरना मराठी कळत नव्हतं. त्या डबा घट्ट धरून नुसत्या हसत होत्या, आता माझ्या दादाजींचं नाव येईल म्हणून.

विश्वासरावांनी पाय मागे घेतला. डोळे मोठे करून त्यांनी बाईंना गळ्याकडे खूण केली. बाई बत्तीस वर्षं शाळेत होत्या, त्यांना एवढी खूण पुरे होती.

फुर्रर्रर्र!

चारशे मराठी माणसं एका क्षणात गप्प झाली. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. विंगेतल्या टिपऱ्या हवेतच राहिल्या. केहर सिंगांची शिटी होती ती, नव्वद वर्षांपूर्वीची, आणि अजून पहाऱ्यावर होती.

त्या शांततेत विश्वासराव माइक बाजूला सारून स्टेजच्या अगदी कडेला आले. छाती भरून श्वास घेतला आणि तोंडातून निघालं तेच, जे सव्वीस वर्षं निघत होतं.

"मागे ऐकू येतंय का?"

सवयीने ते स्वतःच उत्तर देणार, इतक्यात शेवटच्या रांगेत मेधाताई उभ्या राहिल्या.

"येतंय!" त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येतंय. फक्त ते 'चुकलो' म्हणणार होतात ना, ते पूर्ण म्हणा. पस्तीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही!"

हॉल हसण्याने दणाणला. लोक खुर्च्या बडवून हसले. हसताहसता विश्वासरावांचे डोळे वाहायला लागले, आणि या वेळी जवळ तुळस नव्हती. "चुकलो!" ते ओरडले. "चुकलो हो, साफ चुकलो! हा मराठा नाही. हा केहर सिंग. अटकेपार झेंडे लावल्याचं आपण अडीचशे वर्षं सांगतोय. हा गडी अटकेच्या अलीकडून निघाला आणि केळी घ्यायला सिंगापूरला उतरला. ऐका!"

आणि लोकांनी ऐकलं. बोट सुटली तेव्हा हसले, आ हुआत कौलं काढून उतरला तेव्हा हसले, कंदांच्या गोणीपाशी चिडीचूप झाले. हरवंत कौर स्टेजवर आल्या, डबा उघडला, आणि पडद्यावरच्या त्या भल्यामोठ्या हनुवटीपाशी त्यांनी दाढी उंच धरली. तेव्हा ढोलवाल्यांना कुणी काही सांगितलं नाही, तेच वाजवू लागले. अकरा मिनिटं ठरलेली, पंचवीस वाजवली. नीताताई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे नाचल्या. पुढच्या रविवारी दाढी चिकटवायला, कबरस्तानाची परवानगी काढून, कोण कोण येणार याची यादी तिथेच झाली. त्रेसष्ट नावं. एका दाढीला त्रेसष्ट माणसं!

हॉल रिकामा झाल्यावर विश्वासराव नेहमीप्रमाणे वायरी गुंडाळायला वाकले. शैलेंद्रने त्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या. "आज राहू द्या, टेंबेसाहेब," ते खालमानेने म्हणाले, आणि स्वतःच गुंडाळायला बसले. सगळी उलटी गुंडाळत होते. वायर अशाने आतून तुटते. विश्वासरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा आवाज पार बसला होता, आणि दारात मेधाताई आणि हरवंत कौर त्यांच्यासाठी पुरणपोळीचा डबा धरून उभ्या होत्या. ते हसत हसत तिकडे निघाले.